उघड्या पडद्यांच्या गल्लीत चोरपावलांचे तीन गेम

लिंडेनस्ट्राट, वाल्डरबेर्ग
मंगळवार, ९ एप्रिल

ति. ताईस,

मेख्टिल्डचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, असं समज. पाकिटावर ‘सिस्टर ओडिलिया’ लिहिलं आहे ते पोस्टमनसाठी. तू मठात जाऊन पंचावन्न वर्षं झाली, पण सख्ख्या बहिणीला सिस्टर म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही.)

तुझं पत्र शनिवारी मिळालं. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, जेवण जातं, आणि सिस्टर वॉल्टरूडिसची कंबर पूर्वीइतकीच दुखते, हे वाचून समाधान वाटलं. (कंबर दुखण्याचं समाधान नव्हे. पण त्यांनी मला शाळेत भूमितीत नापास केलं होतं, त्यामुळे रात्रभर तळमळले असंही नाही.) इकडे माझं ठीक आहे. रक्तदाब डॉक्टर मोजायला येतात तेव्हाच चढतो, एरवी शहाण्यासारखा वागतो. बाजारात पांढऱ्या शतावरीच्या पहिल्या जुड्या आल्या आहेत, बोटाएवढ्या बारीक, आणि विकणारा त्या दाखवताना स्वतःच जन्माला घातल्यासारखा अभिमानाने बघतो.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळते. आशीर्वाद आणि सही यांच्या मधल्या बोटभर जागेत तू तो इतक्या हळूच सरकवला आहेस की पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून सुटला. तुमच्या विश्रामगृहात सिस्टर लोकांचे खांदे मोकळे व्हावेत म्हणून टीव्हीवर खोटं-खोटं बोलिंग खेळायचं यंत्र आणलं, ते मी समजू शकते. पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला तुला भाच्यांनी पाकीट दिलं, हेही योग्यच. पण त्या पाकिटातून ‘राखाडी बोका’ नावाचा जुन्या, लपतछपत खेळायच्या तीन गेमचा संग्रह घ्यावा का, आणि आजवर काहीच न खेळलेल्या नवशिक्या माणसाला तो झेपेल का, असं तू मला विचारतेस? ज्या मठाने मला अकरा वर्षं शिकवलं की दाराआड उभं राहणं हे अर्धं खोटं बोलणं असतं, त्याच मठातून हा प्रश्न यावा?

उत्तर एका शब्दाचं आहे. घेऊ नये. (हे दोन शब्द झाले. तू मोजशील हे माहीत आहे.)

इथेच सही करून पत्र बंद केलं असतं. पण तू लहानपणापासून ‘का?’ विचारल्याशिवाय गप्प बसत नाहीस, आणि या संग्रहापायी माझं काय झालं आहे ते तुला आमच्या समोरच्या घरातल्या श्रारने नाताळच्या कार्डात अर्धवटच कळवलेलं दिसतं. पूर्ण हकिकत अशी की, मी एकोणीस वर्षं आमच्या गल्लीच्या मंडळाची अध्यक्ष आहे, आणि त्या तीन गेमांमुळे माझी खुर्ची जूनच्या जत्रेपर्यंत टांगणीला लागली आहे. जत्रेनंतर तिच्यावर फीन क्राइन्स बसायची शक्यता आहे. फीन, जिने गेल्या उन्हाळ्यात गल्लीच्या जेवणाला बाजारची, गोड भात भरून भाजलेली व्लाय आणली आणि घरच्या ताटलीत घालून ‘रात्रभर भात शिजवत होते’ म्हणून सांगितलं. तळाला दुकानाचा कागद चिकटलेला होता.

सुरुवात डिसेंबरच्या पाच तारखेला, संत निकोलासच्या संध्याकाळी झाली. आमच्याकडे मंडळात चिठ्ठ्या टाकतात. ज्याचं नाव येईल त्याला निनावी भेट द्यायची आणि सोबत त्याची खोड काढणारी कविता. माझ्या नावाचं खोकं एवढं मोठं होतं की मला वाटलं, कुणीतरी शहाण्याने भांडी घासायचं यंत्र दिलं. आत निघालं एक जुनं गेमचं यंत्र आणि हा संग्रह. कविता अशी:

उंदीर खोकला कुणाच्या घरी, हिला इथे कळते;
बघू या आता, कोणी न बघता, ही पुढे कशी पळते.

सगळं सभागृह हसलं. मीही हसले, कारण त्या संध्याकाळी न हसणं हा गुन्हा समजतात. पण मी घरी येऊन ती कविता सात वेळा वाचली आणि ठरवलं की हे फीनचं काम आहे. आणि फीनला वाटत असेल की ही म्हातारी खोकं माळ्यावर टाकेल, तर ही म्हातारी तिन्ही गेम पुरे करून दाखवेल. म्हणजे बघ, मी हे खेळू लागले ते निव्वळ रागापोटी. तू मात्र आवडीने विचारते आहेस. माझ्याहून तुझं वाईट आहे.

आता माल कसा आहे ते सांगते. पहिला गेम पंचवीस वर्षांपूर्वीचा. त्यातल्या माणसांचे चेहरे दुधात बुडवलेल्या पावासारखे आहेत. नाक कुठे संपतं आणि मिशी कुठे सुरू होते हे कळत नाही. नायक म्हणजे हा राखाडी बोका. बोका हे त्याचं टोपणनाव, माणूसच आहे, टक्कल पडलेला. तो रात्रंदिवस कुणाच्या ना कुणाच्या इमारतीत शिरून कागद चोरतो. कुणाचे कागद, कशासाठी, ते सुरुवातीला एक माणूस रेडिओवरून भराभर सांगतो आणि पुन्हा सांगत नाही. यंत्राच्या हातातल्या ठोकळ्यावर सोळा बटणं आहेत. वाकायचं एक, भिंतीला चिकटायचं एक, आणि या दोहोंच्या मधोमध मोठ्याने शिट्टी वाजवायचं एक. हे ज्याने ठरवलं त्याला तीन अंगठे असावेत. मी पहिले चार दिवस वाकायला गेले की शिट्टी वाजवत होते. त्यातून एकदा मेलीस की वीस मिनिटं मागे जाऊन तेच सगळं पुन्हा. आमच्या शाळेतही एवढी शिक्षा नव्हती. चुकलेला उतारा पुन्हा लिहायला लावायचे, पण अख्खी वही नव्हे.

पण ताई, माझा खरा संताप पहारेकऱ्यांवर आहे. तुला माहीत आहेच, मी नगरपालिकेत एकतीस वर्षं कुत्रा-कराचं काम केलं. दारोदार जायचं, बेल वाजवायची आणि ‘आमच्याकडे कुत्रं नाही हो’ हे ऐकत असताना दारापलीकडे काय चाललं आहे त्याकडे कान द्यायचा. नखांचा फरशीवर आवाज. शेपटी रेडिएटरवर आपटल्याचा आवाज. (लोकांना वाटतं भुंकण्यावरून कुत्रं सापडतं. भुंकण्यावरून शेजाऱ्याचं कुत्रं सापडतं. घरच्याचं सापडतं ते घरच्यांच्या अचानक मोठ्याने बोलण्यावरून.) आता या गेममधला पहारेकरी बघ. त्याच्या पाठीमागे चार हातांवर एक टकला माणूस शिट्टी वाजवतो. पहारेकरी वळतो, दोन पावलं पुढे येतो, अंधारात बघतो आणि म्हणतो, “वारा असेल.” आणि परत जागेवर. घराच्या आत, खिडक्या बंद, आणि वारा असेल. त्याचा सोबती जमिनीवर पडलेला सापडतो, तरी मिनिटभर धावपळ करून पुन्हा वारा असेल. मी एकतीस वर्षांत एकदाही ‘वारा असेल’ म्हटलं नाही. मी म्हणायचे, “डॅक्सहुंड आहे, आणि आहे तो स्वयंपाकघरात.” अशा माणसांना पगार देणाऱ्या संस्थेचे कागद चोरीला जायलाच हवेत.

त्यामुळे पहिले तीन आठवडे मी मनाने पहारेकऱ्यांच्या बाजूला होते आणि हाताने बोक्याच्या. याने खेळ पुढे जात नाही. मी कुणाला मागून डोक्यात मारायलाही तयार नव्हते, कारण ते बिचारे कामावर होते. मी बोक्याला सरळ दारातून, ताठ मानेने, ओळखीच्या माणसासारखा चालवत नेत असे. गोळ्या घालत. पुन्हा वीस मिनिटं मागे.

आणि दिवे. ही चूक मी तुलाच सांगते, इतर कुणाला नाही. (इतरांना ती माहीत आहे, त्यांनी ती पाहिली. त्याकडे येतेच.) या गेमचं सगळं मर्म अंधारात आहे. खोलीत शिरायचं, आधी दिवा मालवायचा, मग सावलीतून जायचं. गेम हे सुरुवातीला सांगतो. पण मला ते पटेचना. अंधार करून घरात फिरणारा माणूस आपल्याकडे कोण असतो? भल्या घरात खिडकीतला दिवा लागलेला असतो, पडदे उघडे असतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत दिसतं की इथे लपवण्यासारखं काही नाही. मी बोक्याला प्रत्येक खोलीत नेऊन आधी दिवे लावायला लावत होते. कुठे कुठे खिडक्यांचे पडदेही उघडायची सोय होती, तेही मी उघडले. तीन आठवडे हा मनुष्य लखलखीत उजेडात चोऱ्या करायला जात होता. पहारेकऱ्यांनासुद्धा चुकल्यासारखं वाटत असेल.

आता प्रेक्षकांबद्दल. तुला आठवत असेल, आठ वर्षांपूर्वी मी मंडळाच्या पत्रकात एक छोटासा लेख लिहिला होता. त्याचा सारांश असा की, संध्याकाळी पडदे ओढून बसणाऱ्या घराबद्दल गल्लीला साहजिकच काळजी वाटते. त्यानंतर गल्लीत कुणी पडदे ओढले नाहीत. अर्थात मीही नाही. माझा टीव्ही खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे, त्याच्याकडे तोंड करून मी बसते, आणि गल्लीला माझ्या डोक्यावरून टीव्ही स्वच्छ दिसतो. साडेसातला जेवणं आटोपून कुत्री फिरवायला निघालेले लोक सुरुवातीला नुसते रेंगाळत. मग थांबू लागले. नाताळच्या आठवड्यात मी मागे वळले तर फुटपाथवर घडीच्या पाच खुर्च्या, आणि फीन क्राइन्स थर्मासमधून वाटाण्याचं घट्ट सूप वाटते आहे. बोका मेला की काचेपलीकडे ‘आss’ असा सामुदायिक आवाज यायचा. चर्चच्या मिस्सात ‘आमेन’सुद्धा हे लोक इतकं एका सुरात म्हणत नाहीत.

पडदे ओढावेत तर माझाच लेख आडवा. फीनने तो पाठ केला आहे. न ओढावेत तर रोज संध्याकाळी अख्ख्या गल्लीसमोर माझी शोभा. शेवटी समोरच्या श्रारने काचेवर टकटक केलं. (श्रार म्हणजे गावच्या बँडमध्ये ट्यूबा हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवतो तो, बायको गेल्यापासून एकटाच असतो. अठ्ठ्याण्णव ते दोन हजार चार या काळात त्याच्या घरात डॅक्सहुंड जातीचा एक बुटका कुत्रा होता हे मला ठाऊक होतं, वासावरून ठाऊक होतं, पण सहा वर्षांत चौदा वेळा जाऊनही मला तो सापडला नाही. माझ्या नोकरीतला हा एकच डाग.) मी खिडकी फटभर उघडली. तो म्हणाला, “मेख्टिल्ड, अगं, दिवा मालव.”

मी म्हटलं, “भल्या घरात—”

“तो चोर आहे,” श्रार म्हणाला. “चोराला चोरासारखं वागू दे. तू त्याला मिस्साला नेल्यासारखी नेतेस.”

मी खिडकी लावली आणि, त्याला दाखवून देण्यासाठी, बोक्याला दिवा मालवायला लावला. ताई, त्या पहारेकऱ्याच्या नाकासमोरून मी गेले. त्याने हात लांबवला असता तर टक्कल हाताला लागलं असतं. तो म्हणाला, “वारा असेल.” बाहेर फुटपाथवर टाळ्या पडल्या. मला जे वाटलं ते काही मी इथे लिहीत नाही. ते कबुलीजबाबात सांगण्यासारखं आहे.

त्यानंतर पहिला गेम बारा दिवसांत संपला. दुसरा त्याहून सोपा आणि देखणा. त्यात माणसांना नाकं आहेत. पण यश डोक्यात जातं, आणि फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी मला वाटलं की जो नियम बोक्याला लागू तोच मला का नसावा? पडदे ओढायला बंदी आहे, दिवा मालवायला नाही. मी उठले आणि बैठकीतला दिवा मालवला. माझी कल्पना अशी की आता मी कुणाला दिसणार नाही. प्रत्यक्षात काळोख्या खोलीत टीव्हीच्या निळ्या उजेडाने माझं डोकं जत्रेतल्या भुतासारखं चमकू लागलं. बरं, वाल्डरबेर्गच्या इतिहासात संध्याकाळी पावणेआठला माझ्या खिडकीतला दिवा कधी विझलेला नाही. दोन मिनिटांत बेल. मी उघडलं नाही, कारण बोका तेव्हा दोन पहारेकऱ्यांच्या मधोमध कपाटात होता आणि हा गेम मधेच थांबवता येत नाही. पुन्हा बेल. मग कुलपात किल्ली फिरली. माझ्या घराची जादा किल्ली फीनकडे असते. (कुंड्यांना पाणी घालण्यासाठी. माणसाने कुंड्या ठेवूच नयेत.)

इथे मी काय केलं ते ऐक. एकाहत्तर वर्षांची, अकरा वर्षं नन्सच्या हाताखाली काढलेली, नगरपालिकेचं पदक मिळालेली बाई; मी टीव्ही बंद केला आणि सोफ्यामागे जाऊन ओणवी बसले. का, ते मला आजही सांगता येत नाही. पाय आपोआप गेले. ठोकळा छातीशी धरलेला. आत फीन, तिच्यामागे श्रार, आणि त्यांच्यामागे शतावरीवाल्याची बायको. फीन म्हणाली, “मेख्टिल्डबाई? अहो, बऱ्या आहात ना?” माझा गुडघा वाजला. तो काय वाजतो ते तुला माहीत आहे, अक्रोड फोडल्यासारखा. फीन म्हणाली, “ऐकलंत? सोफ्याकडून आला आवाज.” श्रार चार पावलं पुढे आला. मला त्याचे बूट दिसत होते, आणि त्याला माझं पाऊल दिसत असणारच, कारण माझ्या पायात लाल लोकरी मोजे होते. तो तिथे उभा राहिला. मग म्हणाला, “वारा असेल.” आणि तो बायकांना पुढे घालून बाहेर घेऊन गेला, आणि जाताना त्याने दिवा लावला.

मी बराच वेळ सोफ्यामागेच होते. काही अंशी गुडघ्यामुळे.

आता परवाच्या रविवारची सभा. ईस्टरनंतरच्या रविवारी वार्षिक सभा असते, पॅरिशच्या हॉलमध्ये, कॉफी आणि गोड भात भरलेली व्लाय. (मी आणलेली. ताटलीही माझी, भातही माझा.) दुसरा विषय अध्यक्षपदाचा. दर वर्षी मी विचारते, “कुणाची हरकत?” आणि लगेच तिसरा विषय घेते. यंदा फीन उभी राहिली. म्हणाली, “अध्यक्षबाई, हरकत नाही, पण एक शंका आहे. तिसऱ्या गेमच्या शेवटच्या भागात तुम्ही नऊ संध्याकाळी एकाच भिंतीसमोर उभ्या आहात. आम्ही तिथे थंडीत बसतो हो. जिला एक भिंत ओलांडता येत नाही, तिने अख्खी गल्ली कशी सांभाळावी?”

लोक हसले. मी म्हटलं, “फीनबाई, ज्यांना व्लायखालचा कागद काढता येत नाही त्यांनी भिंतींबद्दल बोलू नये.” त्यालाही लोक हसले, पण कमी. मग फीन म्हणाली, “आणि फेब्रुवारीत दिवा मालवून तुम्ही होतात कुठे, तेही गल्लीला कळू दे. लेख तुमचाच आहे. काळजी वाटते.”

मला शाळेतल्यासारखं कानापर्यंत गरम झालं. तेव्हा श्रार उठला. तो सभेत कधी बोलत नाही. म्हणाला, “ते राहू द्या. मला एक कबूल करायचं आहे. ती भेट मी दिली होती. कविताही माझी.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आणि माझा डॅक्सहुंड, मॉप, ट्यूबाच्या पेटीत असायचा.”

ताई, सहा वर्षं. चौदा वेळा मी त्या पेटीशेजारी उभी होते. एकदा तर मी म्हणाले होते, “ट्यूबा किती छान जपला आहे हो तुम्ही.” आतला कुत्रा ते ऐकत होता.

यावर हॉलमध्ये जो गोंधळ झाला त्यात माझा फेब्रुवारी विसरला गेला, आणि मला वाटतं श्रारचा हेतूही तोच होता. पण फीन सहजी सोडणारी नाही. तिने ठराव मांडला आणि तो सत्तावीसपैकी तेवीस हातांनी मंजूर झाला: मी जत्रेच्या रविवारपर्यंत हंगामी अध्यक्ष. तोवर बोक्याला भिंतीपलीकडे नेऊन गेम संपवला तर खुर्ची माझी, नाहीतर फीनची. पडदे उघडे. गल्लीतल्या कोणाचीही मदत घ्यायची नाही, काचेवर टकटकसुद्धा नाही. (तेवीस हातांत श्रारचाही हात होता. विचारलं तर म्हणाला, “तुला जमेल म्हणून वर केला.” अशा माणसाला काय बोलणार.)

तर असं आहे. या संग्रहाने माझी संध्याकाळ खाल्ली, माझा लेख माझ्यावर उलटवला, माझ्या नोकरीतला डाग भर सभेत उघडा केला आणि माझी खुर्ची टांगली. चित्रं जुनाट, बटणं अघोरी, पहारेकरी बिनडोक, आणि चुकीला क्षमा नाही. नवशिक्याने तर याच्या वाटेलाच जाऊ नये. पाकिटातल्या पैशांची चांगली शाल घे. तुमच्या प्रार्थनाघरात वारा येतो असं तूच लिहिलं होतंस.

सर्व सिस्टरांना माझा नमस्कार सांग, वॉल्टरूडिसबाईंना थोडा कमी. तब्येतीला जप, डोळ्यात थेंब घालायला विसरू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
मेख्टिल्ड

ता. क. घ्यायचाच ठरवलास तर दुसऱ्या गेमपासून सुरुवात कर. पहिला नंतर खेळ, एकदा माया जडली की त्या पावासारख्या चेहऱ्यांचं काही वाटत नाही. दिवे ताबडतोब मालव. वाकायचं बटण डावीकडचं, त्याच्या लगेच उजवीकडचं शिट्टीचं. तुझ्या ठोकळ्यावर मी पाठवते आहे ती लाल लोकर बांध, म्हणजे चुकणार नाहीस.

दुसरा ता. क. भिंतीबद्दल नीट लिहायचं राहिलं. ती एकट्याने ओलांडताच येत नाही. तिसऱ्या गेमचा शेवटचा भाग दोघांचा आहे: एकाने खांदा द्यायचा, दुसऱ्याने चढायचं, मग वरच्याने हात देऊन खालच्याला ओढून घ्यायचं. दोघांनी आपापल्या घरून खेळलं तरी चालतं, पण दोघांकडे संग्रह हवा. गल्लीतलं कुणी चालणार नाही, आणि गल्लीबाहेर मला तूच आहेस. तेव्हा शाल राहू दे. मागे लिहिलेलं सगळं खरं आहे, तरी घे. याच आठवड्यात घे. शनिवारी तुमची संध्याकाळची प्रार्थना आटोपली की मला फोन कर. चढशील तू, खांदा मी देईन.

तिसरा ता. क. हे लिहू नये असं ठरवलं होतं. सदुसष्ट साली कार्निव्हलच्या सोमवारी बाहेर सटकायला तू शाळेच्या भिंतीवर चढलीस तेव्हाही खांदा माझाच होता. तू सतरा वर्षांची, मी चौदाची. तू वर लोंबकळत होतीस, आणि मी सिस्टर लुडगार्डिसच्या किल्ल्यांचा आवाज ऐकून मदर मेरीच्या पुतळ्यापुढे प्रार्थनेला जाऊन उभी राहिले, असं मी आजवर सर्वांना सांगत आले. तुला शिक्षा म्हणून चाळीस दिवस वेदीची वस्त्रं इस्त्री करायला लावली, तुला ते काम आवडलं, आणि शाळा संपल्यावर तू तिथेच राहिलीस. आई म्हणायची, देवाने बोलावलं. बोलावलं असेलच. पण मधे मी होते. खरं असं की, सिस्टर लुडगार्डिस माझ्यापाशी थांबल्या आणि त्यांनी विचारलं, “भिंतीकडून कसला आवाज आला?” मी म्हटलं, “माझी बहीण आहे.” नगरपालिकेत लागायच्या आधीच मी तशी होते.

श्रारचे बूट सोफ्यापाशी थांबले होते तेव्हा मला त्याच किल्ल्या ऐकू येत होत्या. तू घाईने चढू नकोस, गुडघे सांभाळून चढ. खाली कुणी आलं आणि विचारलंच, तर या वेळी मला काय म्हणायचं ते माहीत आहे.